दहन, रक्षा आणि कॅथलिक श्रद्धेतला देह

प्रश्न थोडक्यात असा. कॅथलिक वडिलांनी कागदावर लिहून ठेवलंय: 'मला विद्युतदाहिनीत द्या. निम्मी राख समुद्रात सोडा, निम्मी अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याशी घाला. मुलांना कबरीचा व्याप नको.' धाकट्याला हे पटलंय, थोरल्याला कबरस्थानाशिवाय काही मान्य नाही. आणि विचारणाऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे: आत्मा गेल्यावर उरते ती माती, मग मातीचं काय करायचं यावर चर्चने इतके नियम का घालावेत?

व्यवहारापुरतं उत्तर लगेच देता येतं. दहन चालतं. अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मिळते. राख समुद्रात उधळणं किंवा झाडाखाली ओतणं चालत नाही. पण कारण कळलं नाही तर हे नियम नुसते जाच वाटतात, म्हणून आधी कारणाकडे वळतो.

आपण मराठीत 'देह ठेवला' म्हणतो, 'कुडी सोडली' म्हणतो, 'पिंजऱ्यातलं पाखरू उडालं' म्हणतो. वसईतल्या कॅथलिक घरातही मयताला आलेली माणसं हेच बोलतात. जुनं वस्त्र टाकून नवं घालावं तसा आत्मा देह बदलतो, ही प्रतिमा या भूमीत खोल रुजलेली आहे आणि तिचा मान राखूनच सांगतो की कॅथलिक शिकवण तशी नाही. तिच्या लेखी देह हे वस्त्रही नाही आणि पिंजराही नाही. १३१२ मध्ये फ्रान्समधल्या व्हिएन इथल्या धर्मसभेने ठरवून सांगितलं की आत्मा हा देहाचं 'रूप' आहे. म्हणजे हाडामांसाचा हा देह मानवी आणि जिवंत असतो तो आत्म्यामुळेच, आणि दोन्ही मिळून एकच माणूस होतो. त्याआधी तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावर भाष्य करताना एक वाक्य लिहिलं, ते या सगळ्या विषयाची किल्ली आहे: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. मृत्यूनंतर वडिलांचा आत्मा देवाजवळ असतो अशी श्रद्धा असली, तरी या शिकवणीप्रमाणे तेवढ्याने वडील पुरे होत नाहीत. ते देहासह उठतील तेव्हा पुरे होतील. दर रविवारी आपण विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहतो असं म्हणतो. आत्मा अमर आहे एवढ्यावर तिथे थांबत नाही.

कार्थेजचे आरंभकाळातले ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन यांनी इसवी सन २००च्या आसपास लिहिलं की देह हा तारणाची बिजागरी आहे. दार फिरतं ते बिजागरीवर. त्यांचा मुद्दा अगदी साधा होता: देह धुतला जातो तेव्हा आत्मा शुद्ध होतो, देहाला अभ्यंग होतो, म्हणजे पवित्र तेल लागतं, तेव्हा आत्मा पवित्र होतो. कॅथलिक माणसाचं आयुष्य या नजरेने पाहिलं की हे हाताला लागतं. बाप्तिस्म्यात बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओततात, मग टाळूला ख्रिस्मा लावतात. ख्रिस्मा म्हणजे बिशपांनी पवित्र केलेलं सुगंधी तेल. दृढीकरणात, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्कारात, तोच ख्रिस्मा कपाळाला लागतो. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, तोंडाने घ्यायचं असतं, नुसत्या मनाने घेता येत नाही. लग्नात शब्द दिल्याने विवाह होतो, पण धर्मविधानाच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, भाषेत तो पूर्णत्वाला जातो देहमीलनाने. धर्मगुरूच्या दीक्षेत तळहातांना तेल लावतात. आजाऱ्याला कपाळ आणि दोन्ही हात अशा दोन जागी अभ्यंग होतो. देह बाजूला ठेवून होणारा एकही संस्कार नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या जाहीर भेटींत १२९ प्रवचनं देऊन हाच धागा उलगडला. पुष्कळ जण ती शिकवण लग्न आणि लैंगिकतेपुरती समजतात. तिचं मूळ मात्र इथेच आहे: जे डोळ्यांना दिसत नाही, आत्मिक आहे, दैवी आहे, ते दृश्य करण्याचं सामर्थ्य देहातच आहे. आईची माया कधी कोणी पाहिलेली नाही. पाहिला तो तिचा हात.

आता अंत्यविधी पाहा. शवपेटी चर्चच्या दाराशी येते तेव्हा धर्मगुरू तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. ते बाप्तिस्म्याचं पाणी. जिथे रीत आहे तिथे पांढरं वस्त्र पेटीवर घालतात. तो बाप्तिस्म्याचा अंगरखा. पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती पेटीजवळ उभी करतात. शेवटच्या निरोपाला धर्मगुरू पेटीभोवती फिरून धूप दाखवतात. वेदीला, शुभवर्तमानाच्या ग्रंथाला जो धूप, तोच या थंडगार देहाला. कारण संत पौलाने लिहिल्याप्रमाणे हा देह पवित्र आत्म्याचं मंदिर होता. जमलेली माणसं या क्षणी बहुधा गाडीची व्यवस्था बघत असतात, याचं फार वाईट वाटतं. अख्खी शिकवण त्या धुरात आहे.

मग दहन कसं चालतं? दहन पुनरुत्थानाच्या आड येतं असं चर्चने कधीच मानलेलं नाही. इसवी सन १७७ मध्ये लियों शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांचे देह सहा दिवस उघड्यावर ठेवून जाळले आणि राख रोन नदीत लोटली, ती मुद्दाम, 'आता उठा बघू' म्हणून. त्या हुतात्म्यांना आपण संत मानतो. ज्याने शून्यातून सृष्टी केली त्याला राखेतून माणूस उठवणं अवघड नाही. तरीही १८८६ मध्ये रोमने दहनाला बंदी केली, कारण त्या काळी युरोपात, विशेषतः इटलीत, दहनाचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींत मेल्यावर काहीच उरत नाही हे जाहीर करण्यासाठी दहन निवडणारे होते. बंदी त्या अर्थाला होती. तो अर्थ मागे पडल्यावर १९६३ मध्ये बंदी उठली, आणि १९८३च्या धर्मविधानातल्या कलम ११७६ मध्ये आजची भूमिका आली: दफनाची रीत पाळावी अशी चर्चची आग्रहाची शिफारस आहे, दहनाला मनाई नाही, मात्र ते ख्रिस्ती श्रद्धेविरुद्धच्या कारणासाठी निवडलेलं नसावं.

'मुलांना व्याप नको' हे श्रद्धेविरुद्धचं कारण नाही. जागेची टंचाई, खर्च, साथीचा रोग, परदेशातून देह आणण्याची अडचण, यांपैकी कशानेही मिस्सा अडत नाही. 'मी यातलं काही मानत नाही, म्हणून मला जाळा' असं कोणी उघड सांगून ठेवलं असेल आणि मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची खूण दिसली नसेल, तरच चर्चचा अंत्यविधी नाकारला जातो; शंका असेल तर धर्मगुरूंना बिशपांकडे विचारावं लागतं.

रक्षेचा नियम २०१६च्या व्हॅटिकन सूचनेत आहे. ती १५ ऑगस्टच्या तारखेची असून २५ ऑक्टोबरला प्रसिद्ध झाली. रक्षा पवित्र जागी ठेवावी: कबरस्थानात, चर्चमध्ये किंवा त्यासाठी आशीर्वादित केलेल्या जागेत. घरी ठेवू नये. भावंडांत वाटू नये. हवेत, जमिनीवर, पाण्यात विखरू नये. लॉकेटमध्ये भरू नये. हे सगळं वरच्या शिकवणीतून सरळ येतं. विखरण्यामागे 'माणूस निसर्गात विरून गेला' असा अर्थ असतो, आणि कॅथलिक श्रद्धेत माणूस विरत नाही. त्याला नाव असतं, त्या नावाने हाक येणार असते. घरी ठेवलेला कलश पहिल्या पिढीला प्रिय असतो, दुसऱ्या पिढीला अडचण वाटतो आणि तिसरीला तो कोणाचा हेच माहीत नसतं. घर विकताना माळ्यावर सापडलेला निनावी कलश घेऊन धर्मग्राम (स्थानिक चर्चच्या) कार्यालयात येणारी माणसं असतात. कबरस्थानात मात्र नाव उरतं आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, अनोळखी माणूसही तिथे मेणबत्ती लावून जातो. 'सिमेट्री' हा शब्दच मुळात 'झोपण्याची जागा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. वडील हयात आहेत असं धरून सांगतो.

आजार गंभीर झाला की लगेच धर्मगुरूंना बोलवा. सर्वांत जास्त चूक इथे होते. अभ्यंग म्हणजे मरणाची खूण समजून घरची मंडळी टाळत राहतात आणि श्वास थांबल्यावर फोन करतात. अभ्यंग हा आजाऱ्याचा संस्कार आहे, मृताचा नाही. मृत्यू झाला की नाही याची शंका असेल तर तो देतात, खात्री असेल तर फक्त प्रार्थना करतात. शुद्धीत असताना बोलावलंत तर पापनिवेदन, अभ्यंग आणि शेवटचं ख्रिस्तशरीर हे तिन्ही होतं. त्या शेवटच्या ख्रिस्तशरीराचं लॅटिन नाव 'वाटेची शिदोरी' याच अर्थाचं आहे. गिळता येत नसेल तर कणभर भाकरी चमचाभर पाण्यासोबत देतात. हे आधी सांगून ठेवा.

नेत्रदान, अवयवदान यांना चर्चची मान्यता आहे. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात, मृत्यूनंतरचं अवयवदान उदात्त आणि पुण्याचं म्हटलंय, अट एवढीच की माणसाची किंवा त्याच्या वतीने घरच्यांची संमती हवी. देह पवित्र आहे म्हणून तो द्यायचा नाही, असा उलटा अर्थ काही जण काढतात. पण 'हे माझं शरीर आहे, जे तुमच्यासाठी दिलं जात आहे' या वाक्याभोवती ज्यांची उपासना उभी आहे, त्यांना देहाचं देणं परकं असू नये. नेत्रदान करायचं तर मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचं पथक यायला हवं. तोवर पापण्या मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोकं उशीने थोडं उंच करा, पंखा बंद ठेवा.

देहदानही चालतं, पण दोन गोष्टी आधी ठरवा. देह सोपवण्यापूर्वी चर्चमध्ये मिस्सा होऊ शकेल इतका वेळ वैद्यकीय महाविद्यालय देईल का, आणि शिक्षण संपल्यावर अवशेष परत मिळतील का. पुष्कळ ठिकाणी ते परत मिळत नाहीत, संस्था स्वतःच विल्हेवाट लावते. म्हणून हे लेखी विचारा. परत मिळाले तर त्यांना दफनाचा विधी आहे.

मृत्यूनंतर डॉक्टरांचा दाखला घेतला की आधी धर्मग्राम कार्यालयाला कळवा, हॉल आणि फुलं नंतर. अंत्यविधीची मिस्सा कोणत्या दिवशी होऊ शकत नाही हे पुष्कळांना ठाऊक नसतं: पवित्र गुरुवार, शुभ शुक्रवार, पवित्र शनिवार, बंधनकारक मोठे सण, आणि आगमनकाळ (नाताळाआधीचा), प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा) व पुनरुत्थानकाळ (ईस्टरचा) यांतले रविवार. त्या दिवशी वाचनं, प्रार्थना आणि दफन होतं. मिस्सा पुढच्या मोकळ्या दिवशी अर्पण करतात. 'आमच्याच वेळी फादरांनी मिस्सा नाकारली' हा गैरसमज बहुतेक वेळा इथून उगवतो.

दहन असेल तर क्रम महत्त्वाचा. देह आधी चर्चमध्ये, मिस्सा, पाणी आणि धूप, मग दाहिनी. उलट करू नका. देह समोर असताना जे विधी आहेत त्यांचा अर्थ कलशापुढे पातळ होतो, आणि कलशासमोर मिस्सा करायची तर त्या त्या ठिकाणच्या बिशपांचे नियम पाहावे लागतात.

दाहिनीसाठी देहाला सुती कपडे घाला. पेसमेकर असेल तर तो रुग्णालयातच काढून घ्या, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते. शवपेटी दाहिनीत सहसा घेत नाहीत, त्यामुळे मिस्सेपुरती पेटी वापरून पुढे देह पांढऱ्या कापडात द्यावा लागतो. हे घरच्यांना आधी सांगा, नाहीतर ऐनवेळी पेटीतून देह बाहेर काढताना रडारड होते. हातातली रोझरी (जपमाळ) लाकडी मण्यांची असेल तर राहू द्या. काचेची किंवा प्लॅस्टिकची काढून घ्या आणि नंतर कलशासोबत ठेवा.

आपल्याकडे राख सावडायला गेल्यावर चार अस्थी मडक्यात घेऊन बाकी तिथेच सोडायची सवय आहे. कॅथलिक कुटुंबाने तसं करू नये. विद्युत किंवा गॅस दाहिनीतून मोठ्या माणसाची साधारण दोन ते तीन किलो रक्षा निघते, हाडांच्या तुकड्यांसह. ती सगळी मागून घ्या. कर्मचाऱ्याला दहनाआधीच सांगून ठेवा. झाकणाचं मोठं भांडं सोबत न्या. लाकडाच्या चितेवर मात्र लाकडाचीच राख ढिगाने होते, ती सगळी नेणं शक्य नसतं. अस्थी काळजीपूर्वक वेचा, त्यांच्या लगतची रक्षा घ्या आणि तेवढ्यावर समाधान माना.

कलश जास्त दिवस घरी राहू देऊ नका. 'सगळे जमल्यावर बघू' म्हटलं की वर्ष जातं. घरच्या कबरीत तो ठेवता येतो, किंवा भिंतीतल्या कोनाड्यात, ज्याला मुंबईत निश म्हणतात. कबरीत ठेवायचा तर दोन-अडीच फूट खोल पुरेसं आहे. मातीचा कलश पुढे फुटेल आणि रक्षा त्या मातीत मिसळेल; त्यात वावगं काही नाही, जागा पवित्रच आहे. निशमध्ये ठेवायचा तर झाकण पक्कं बसवलेला दगडी किंवा तांब्याचा घ्या. ठेवताना धर्मगुरू दफनाच्याच प्रार्थना म्हणतात. दगडावर नाव आणि दोन तारखा हव्यातच.

थोरल्या भावाच्या आग्रहाप्रमाणे दफन करायचं ठरलं तर एक सूचना, जी मुंबई-वसईत फार उपयोगी पडते. जागा कमी असल्याने काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडतात आणि अस्थी निशमध्ये किंवा सामाईक अस्थिकूपात ठेवतात. देह नायलॉनच्या साडीत, पॉलिएस्टरच्या सुटात, प्लॅस्टिकच्या अस्तरात, जाड पॉलिश केलेल्या पेटीत ठेवला असेल तर तो त्या मुदतीत मातीत मिळत नाही, आणि कबर उघडताना घरच्यांना जे दिसतं ते पुढे झोपू देत नाही. सुती कपडे, साधी बिनपॉलिशची पेटी किंवा नुसतं कफन घ्या. यात देहाचा अपमान नाही. येशूलाही तागाच्या कापडात गुंडाळूनच ठेवलं होतं.

आता समुद्र आणि आंबा. रक्षा न उघडता, जड बंद पात्रात घालून समुद्रतळाशी सोडणं हे विखरण्यापेक्षा वेगळं आहे. अमेरिकेतल्या चर्चच्या नियमांत त्याला जागा आहे. आपल्याकडे हे करायचं तर आधी बिशपांना विचारायला हवं, आणि माझं मत विचाराल तर ज्या जागी नातवंडांना फूल ठेवता येणार नाही ती निवडू नये. आंब्यासाठी मात्र एक वाट आहे. ९ डिसेंबर २०२३ला व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने बोलोन्याचे कार्डिनल झुप्पी यांच्या प्रश्नाला उत्तर देताना म्हटलं की रक्षा पवित्र जागी ठेवलेली असेल, आणि निसर्गात विरण्याचा किंवा सगळं संपल्याचा अर्थ त्यात नसेल, तर मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी अगदी अल्प अंश ठेवण्याच्या कुटुंबाच्या विनंतीचा चर्चचे अधिकारी विचार करू शकतात. हा हक्क नाही, विनंती आहे. अंश 'ठेवण्या'ची गोष्ट आहे, बुंध्याशी ओतण्याची नाही. म्हणजे लहानसं बंद पात्र, खूण आणि नाव.

तेव्हा भावांनी कागद घेऊन आधी वडिलांशीच बोलावं. त्यांना विचारा की आंबाच का. बहुतेक वेळा उत्तर असं येतं की तो त्यांनी स्वतः लावलाय आणि मुलं तिथे येत राहतील. मग त्यांना सांगा की दहन होईल, मिस्सा होईल, कलश घरच्या कबरीत किंवा निशमध्ये जाईल, आणि आंब्यापाशी अल्प अंश ठेवण्याची विनंती प्रमुख धर्मगुरूंच्या हस्ते बिशपांकडे जाईल. वडिलांनी हे मान्य केलं तर कागद नव्याने लिहून त्यावर तारीख आणि सही घ्या, आणि एक प्रत धर्मग्राम कार्यालयात देऊन ठेवा.